राजवाड्याच्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला टांगतात तो नव्हे, नाटकातला. नटांच्या पाठीमागे उभा राहून जो रंगमंचाचा कधी राजवाडा करतो, कधी जंगल करतो, तो. मी राजवाडा होतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आज माझी अवस्था पाहून कोणाचा विश्वास बसत नाही. माझा रंग उडाला आहे, कडा उसवल्या आहेत आणि पाठीवर लाल-काळे डाग आहेत. रंग उडाला म्हणून कोणी हसलं तर मी ऐकून घेतो. पण त्या डागांना कोणी नावं ठेवली की मला राग येतो. माझ्याजवळ जपून ठेवावं असं काही उरलं असेल, तर ते डागच आहेत.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्याच वर्षीचा माझा जन्म. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं वेड भारी. दिवाळी झाली की गावोगावी नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. गावात नाटक ठरलं की लेकी माहेरी येतात, जावई येतात आणि त्यांच्याबरोबर सोयरिकीच्या गोष्टीही येतात. अशी नाटकं करणारे नट, नट्या, पेटीवाले आणि तबलजी यांनी मिळून एक कलावंत मंडळ काढलं होतं. पेटी वाजवणारे रामाजी त्याचे अध्यक्ष. सगळ्यांनी मिळून पडदे करून घ्यायचे असं मंडळात ठरलं आणि माझं नशीब उघडलं.

मांजरपाटाच्या लांबच लांब पट्ट्या एकमेकींना शिवल्या. त्यांच्यावर सरस आणि खडूची पूड घालून लेप दिला. मग इतवारी पेंटरने मला रंगवायला घेतलं. इतवारी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या मागे हरणं काढायचा. राजवाडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. म्हणून त्याने जे पाहिलं होतं त्याचाच राजवाडा केला. माझे खांब सागाच्या झाडासारखे सरळसोट, कळस मार्कंड्याच्या देवळासारखा आणि मोर मात्र अगदी हुबेहूब, कारण मोर त्याच्या शेतात येत असत. मधोमध त्याने दोन फळ्यांचं मोठं दार काढलं आणि त्याला पितळी फुलं लावली. रामाजी पाहायला आले, तेव्हा त्यांनी दारावर बोट ठेवून विचारलं, "इतवारीभाऊ, दाराले कडी काऊन नाई काढली?"

"राजाच्या घरी कडी कायले पाह्यजे?" इतवारी म्हणाला. "पहारेकरी असतात ना तिथी!"

रामाजी हसले आणि माझं दार कडीवाचूनच राहिलं.

मित्रांनो, माझे ते दिवस सुखाचे होते. बांबूला गुंडाळून मला बैलगाडीत घालायचे. माझ्याबरोबर जंगलाचा पडदा असे आणि रस्त्याचा असे. गावात पोचलो की मोकळ्या शेतात मंच उभा राही. शिट्टी वाजली, दोऱ्या सुटल्या आणि माझी गुंडाळी सरसर खाली आली की लोक "अहाहा!" म्हणत. जंगलाच्या पडद्याचे मात्र हाल होत. तो खाली आला की पहिल्या रांगेतला एखादा म्हातारा मोठ्याने विचारी, "हे झाड कोनतं होय? मोह म्हनावं तं पानं तशी नाई!" जंगलात राहणाऱ्या माणसांना जंगल दाखवायचं म्हणजे सोपं काम नव्हे. राजवाडा कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून माझी इज्जत राहिली. हे मला तेव्हा कळत नसे. मी आपला ऐटीत असे.

माझ्यापुढे उभे राहायचे वामनराव. राजा म्हणजे वामनरावच. उंच, भरदार, खर्जातला आवाज. "प्रजाजनहो!" एवढं म्हणून ते थांबले की रडणारं पोरसुद्धा गप्प बसे. माणूस दिलदार होता. जेवायला बसले की आधी तबलजीचं पान वाढलं का ते पाहत. तरुणपणी, बाया नाटकात येत नसत त्या काळात, त्यांनी राण्यांची कामं केली होती. नऊवारी लुगडं त्यांच्याइतकं चापूनचोपून कोणाला नेसता येत नसे, असं ते स्वतःच सांगत.

हे झालं माझ्या तोंडाकडचं. पण मित्रांनो, पडद्याला पाठही असते आणि पाठीकडची दुनिया निराळी असते. तिथे लोखंडी पेट्या उघड्या पडलेल्या, आरसे बांबूला टांगलेले, कोणी मिशी चिकटवतो आहे, कोणी गालाला रंग लावतो आहे. आणि बोटाला लागलेला रंग कुठे पुसायचा? माझ्या पाठीला. सगळे पुरुष कलावंत हेच करत. चेहरा रंगवला की हात आपोआप मागे जाई आणि माझ्या पाठीवर बोटं फिरत. फडकं शेजारी पडलेलं असलं तरी त्याकडे कोणी पाहत नसे. बाया तेवढ्या बोटं पदराला पुसत. मला या सवयीची भारी चीड होती. या सवयीपायी पुढे काय होणार आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

बायांना कपडे बदलायलाही तीच जागा. एकीने लुगडं आडवं धरायचं, दुसरीने त्याआड घाईने नेसायचं. नाटकात राजवाडा नसला की मला मंचाच्या मागच्या बाजूला आडोसा म्हणून बांधत. मग माझं रंगीत तोंड बाहेर शेताकडे आणि पाठ आत बायांकडे.

अशाच एका गावात ती गोष्ट घडली. त्या दिवशी सामाजिक नाटक होतं आणि मी आडोशाला होतो. बुधरी नावाची मुलगी कपडे बदलत होती. बुधरी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. तिचा गळा असा होता की तिने गाणं सुरू केलं म्हणजे शेंगदाणे खाणारे हात थांबत. बाहेर गावातली टवाळ पोरं जमली होती. त्यांनी ब्लेडने माझ्या दारातच चीर पाडली, दोन फळ्यांच्या मधोमध. आणि त्या चिरेला एकाने डोळा लावला.

बुधरीला तो डोळा दिसला. ती ओरडली नाही. हातातलं लुगडं अंगाभोवती ओढून ती खाली बसली आणि तिचा प्रवेश आला तरी उठली नाही.

नंतर गावकारभारी आले. त्यांनी माझ्या चिरेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरं होत, मस्ती करतात. पडदा शिवून घ्या, नाई तं आनखी फाटन." सगळे माझीच चौकशी करत होते. बुधरीला कोणी काही विचारलं नाही. मला त्या दिवशी फार लाज वाटली. मित्रांनो, आडोसा म्हणून मला बांधलं होतं आणि मला साधा आडोसाही होता आलं नव्हतं.

चीर शिवायला बसल्या नीलाबाई. नीलाबाई चामोर्शीजवळच्या एका गावच्या. बौद्ध वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात गाणी म्हणत त्या मोठ्या झाल्या आणि तिथूनच नाटकात आल्या. आईची कामं करायच्या. मंचावर त्या रडल्या की सगळा मंडप रडे, पण एरवी त्यांना रडताना मी कधी पाहिलं नाही. त्या टाके घालत होत्या आणि बुधरी शेजारी बसली होती.

"होळी झाली का मी गावाले जातो, बाई," बुधरी म्हणाली. "मंग नाई येत."

"तू गेली तं त्या पोरायचंच खरं झालं."

"होऊ दे. मले आता पडद्यामांगं भेव लागते."

नीलाबाईंनी दोरा दाताने तोडला. सुईत नवा ओवला. मग म्हणाल्या, "होळीनंतर मंडळाची सभा हाय. रामाजीभाऊले दिसत नाई आता, ते अध्यक्षपद सोडून राह्यले. मी उभी राहतो. तेवढं पाहून जा."

आमच्या मंडळात बाई कधी अध्यक्षपदाला उभी राहिली नव्हती. बातमी गावोगावच्या मंचांवर पोचली. वामनराव तर आधीच उभे होते. त्यांचा प्रचार म्हणजे पाहण्यासारखी गोष्ट. ते राजाच्याच थाटात बोलत आणि ऐकणाऱ्यांना आपण दरबारात आहोत असं वाटे. नीलाबाई भाषण करत नसत. तालमीच्या वेळी, एसटीची वाट पाहताना, भात शिजत असताना, त्या एकेकाजवळ जाऊन बसत आणि एकच गोष्ट सांगत. "ज्या गावात बायाले कपडे बदलाले बंद जागा नाई, त्या गावात नाटकाची शिट्टी वाजनार नाई. मंडळानं एवढंच म्हनाचं. दुसरं मले काई नाई पाह्यजे."

सभा चामोर्शीला भरली, बाजारामागच्या चिंचांखाली. तिथे दोघे समोरासमोर आले. वामनराव म्हणाले, "नीलाबाई, पडद्यामांगं सारे कलावंत. तिथी कोन बाई अन् कोन मानूस? मी बी त्याच जागी लुगडं नेसलो. मले काय झालं?"

"तुमी लुगडं नेसत होते," नीलाबाईंनी विचारलं, "तेवा कोनी भोक पाडून पाह्यलं का, वामनराव?"

सगळे खो खो हसले. वामनरावही हसले. पण हसणं वेगळं आणि पटणं वेगळं.

आता मत कसं घ्यायचं? बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं आणि हात वर करायला सांगितलं तर लोक वामनरावांच्या तोंडाकडे पाहून हात वर करणार. कोणाला कोणत्या नाटकात घ्यायचं हे वामनरावांच्या शब्दावर चाले. नीलाबाईंचे वडील त्यांना लहानपणी सांगत असत, की मत हे लपूनच द्यायचं असतं, तरच ते आपलं. नीलाबाईंनी तेवढा आग्रह धरला आणि रामाजींनी युक्ती काढली. आपलं नवंकोरं धोतर त्यांनी दिलं. बायांनी ते माझ्या पाठीला अस्तर म्हणून शिवलं, म्हणजे जुने डाग झाकले गेले. मग मला दोन चिंचांच्या मध्ये टांगलं. माझ्या मागे दोन वाट्या ठेवल्या. एकीत गालाला लावायचा लाल रंग, तो नीलाबाईंचा. दुसरीत तेलात खललेलं काजळ, ते वामनरावांचं. एकेकाने मागे जायचं, हवा त्या वाटीत अंगठा बुडवायचा, माझ्या पाठीवर टेकवायचा आणि बाहेर यायचं. राजवाड्याच्या आड कोण काय करतो ते कोणाला दिसायचं नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो राजाच्या दरबारातही कधी वाटला नव्हता. इतकी वर्षं माझं तोंडच कामाचं होतं. आज पाठ कामाला आली होती. एकेक अंगठा माझ्या पाठीवर टेकत होता. कोणी भीतभीत, कोणी झटक्याने. बायनाबाई आल्या. त्या वामनरावांच्याच नाटकांतून कामं करत आणि त्यांचं घर त्या मिळकतीवरच चाले. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग अंगठा लाल वाटीत बुडवला आणि तो माझ्यावर इतका वेळ दाबून धरला की मला वाटलं, आता उचलणारच नाहीत. मोठमोठ्या मिशांचे गडीही आले आणि लाल वाटीकडे वळले. मला काही मोजता येत नाही. पण लाल जास्त आहे हे माझ्या पाठीला कळत होतं.

आणि मग तेच झालं. अंगठा टेकवला की पुरुषांचा हात सवयीने पुढे सरके आणि उरलेला रंग माझ्याच पाठीला पुसला जाई. मत दिलं, पुसलं. मत दिलं, पुसलं. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे, आज नका रे पुसू! पण पडद्याचा आवाज कोणाला ऐकू जातो?

मला उलटं फिरवलं, तेव्हा सभा चकित झाली. ओला रंग, तेलकट काजळ, फराटे आणि ठिपके एकमेकांत मिसळलेले. माणसं थोडी आणि खुणा भरमसाट.

"एवढे मतं कुठून आले?" कोणीतरी ओरडलं.

तबलजीने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "अरे बाप्पा! आपन पुसले ना बोटं!"

मग जो तो आपला हात पाहू लागला आणि हशा पिकला. पण हसू ओसरलं तसं भांडण सुरू झालं. हे मत आहे, हे पुसलेलं आहे, हे काळं आमचं, हे लाल कशावरून तुमचं. रामाजी माझ्या अगदी जवळ डोळे नेऊन पाहत होते, पण त्यांना सगळा एकच रंग दिसत होता.

"दुसरं कापड आना," नीलाबाई म्हणाल्या. "पुन्हा घेऊ."

"कितीदा घेता?" वामनराव म्हणाले. "एसटीची वेळ झाली. ज्याले जिकडं उभं राहाचं तिकडं राहा. मी या चिचेखाली, बाई त्या चिचेखाली. कलावंताले तोंड लपवाची काय गरज?"

हे वाक्य ऐकायला छान होतं. टाळ्या पडल्या. रामाजी थकले होते, त्यांनी मान हलवली.

"मत असं उघड्यावर मांगत नसतात, रामाजीभाऊ," नीलाबाई हळूच म्हणाल्या. पण लोक उठायला लागले होते.

लोक वामनरावांच्या चिंचेकडे चालू लागले. मघाचे मिशांचे गडीही गेले. बुधरी सरळ नीलाबाईंजवळ जाऊन उभी राहिली. आणखी काही थोडेजण आले. बायनाबाई माझ्याजवळ येऊन थबकल्या. मग खाली मान घालून वामनरावांकडे गेल्या. नीलाबाई त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे पाहत होत्या, म्हणजे बायनाबाईंना त्यांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागू नये. मला खरं काय ते ठाऊक होतं. सगळ्यांचं मन माझ्या पाठीवर होतं आणि मी दोन झाडांमध्ये मुका लटकत होतो. मित्रांनो, इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

नीलाबाई हरल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने वामनरावांना हार घातला. मग म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, हा पडदा मले द्या."

"घेऊन जा, बाई," वामनराव मोकळेपणाने म्हणाले. "असा रंगलेला पडदा आता कोन्या राजाच्या कामाचा?"

बुधरीने आपलं बोचकं उचललं. "मी म्हटलं होतं ना," एवढंच ती बोलली आणि गावाच्या एसटीत जाऊन बसली.

एके काळचा राजवाडा मी, आता नीलाबाईंच्या घराच्या पडवीत दांडीवर पडलो. पावसाळ्याची ओल अंगाला बसू नये म्हणून ऊन पडलं की त्या मला अंगणात पसरत. कोंबड्या माझ्या मोरांवरून चालत. पण एक गोष्ट घडत होती, जी मलाही उशिरा कळली. पुसलेल्या बोटांचा रंग पातळ होता. उन्हाने, दमट हवेने तो हळूहळू उडून गेला. दाबून टेकवलेले अंगठे मात्र धोतरात मुरले होते. दसऱ्यापर्यंत माझ्या पाठीवर मतं तेवढी उरली. एकेक अंगठा सुटा, स्वच्छ.

दिवाळीच्या आधी नीलाबाईंनी मला कापलं. हो, कापलं! माझे चार भाग केले, प्रत्येकाच्या कडेला बांबू जाईल अशी शिवण घातली आणि मला चार भिंतींची खोली केलं. मग त्या बुधरीला आणायला गेल्या. हे मी पाहिलं नाही, बुधरीनेच पुढे सांगितलं. ती अंगणात धान वाळवत होती.

"खोली झाली," नीलाबाई म्हणाल्या.

"कोनं देली?"

"कोनं नाई देली. त्याच पडद्याची केली."

"मंग त्याले पुन्हा बिलेड लागन."

"लागन तं पुन्हा शिवू. तू एकदा पाहून तं जा."

बुधरी पाहायला म्हणून आली. पहिल्याच नाटकाच्या गावी मंचामागे चार बांबू रोवले आणि मला उभं केलं. बुधरी आत शिरली आणि उभीच राहिली. कारण नीलाबाईंनी माझं तोंड आत घेतलं होतं. चहूकडे सागाचे खांब, मोर आणि समोर ते मोठं दार. राजवाडा आत होता आणि डागांची पाठ बाहेर.

"हे चित्रं बाहीर काऊन नाई केले, बाई? लोकाले दिसले असते."

"लोकायनं बहुत पाह्यला राजवाडा," नीलाबाई म्हणाल्या. "आता आपन राहू."

बुधरीने दारावरची ती शिवलेली चीर पाहिली. तिने सुई मागितली, काळा दोरा मागितला आणि खाली बसून त्या चिरेवर टाके घालायला लागली. बायनाबाई वाकून पाहू लागल्या. "काय करून राह्यली वं?"

"दार हाय तं कडी पाह्यजे," बुधरी म्हणाली.

तिने माझ्या दाराला कडी भरली. मोठी, जाड, दोन्ही फळ्या पकडून ठेवणारी. इतवारीने न काढलेली कडी मला अशी मिळाली. सुई टोचत होती, पण मी हूं की चूं केलं नाही.

त्या संध्याकाळी वामनराव राजाचा पोशाख करून तिथून चालले होते. माझी पाठ बाहेर, त्यावर मंचाचा उजेड. ते सहज थांबले. मग जवळ आले. आपला अंगठा त्यांनी एका काळ्या ठशाजवळ नेला. पुन्हा मागे सरकून सगळी पाठ पाहिली. फराटे गेले होते. काळे अंगठे थोडे आणि लाल किती तरी. त्यांचा खर्जातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. तेवढ्यात बायनाबाई आतून बाहेर आल्या.

"बायनाबाई," ते हळू म्हणाले, "तुमचा अंगठा कोनत्या रंगाचा?"

बायनाबाईंनी पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाल्या, "लाल, वामनराव."

"अन् उभ्या माझ्याकडं राह्यल्या?"

"उभं राह्यलं तं सारे पाहतात ना."

वामनराव वळले. ते मंचावर गेले आणि दरबाराचं सिंहासन स्वतः उचलून घेऊन आले. ते त्यांनी खोलीत शिरायच्या जागेपुढे ठेवलं, माझ्याकडे पाठ करून, आणि त्यावर बसले. डोक्यावर मुकुट, कमरेला लाकडी तलवार. थोड्या वेळाने शेताच्या बांधावरून तीन-चार पोरं दबक्या पावलांनी आली. समोर राजा पाहून ती जागच्या जागी थिजली.

"काय पाह्यजे, प्रजाजनहो?" वामनरावांनी खर्जात विचारलं.

पोरं अशी पळाली की एकाची चप्पल तिथेच राहिली. आत बुधरी हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिचं हसू ऐकलं. शिट्टीवाला विचारायला आला, की सुरू करायचं का. वामनराव म्हणाले, "आतून बाया हो म्हनत नाई, तोवर वाजवू नोको." त्या दिवशी नाटक उशिरा सुरू झालं आणि बुधरीच्या गाण्याला लोकांनी पुन्हा पुन्हा दाद दिली.

पुढच्या होळीनंतर पुन्हा चिंचांखाली सभा भरली. या वेळी वामनरावच दोन वाट्या घेऊन आले. खांद्यावर एक भलं मोठं फडकं होतं. ते त्यांनी फांदीला बांधलं आणि सगळ्यांना बजावलं, "मत कापडावर, बोटं या फडक्यावर. यंदा कोनी चुकला तं याद राखा!" अंगठे टेकले, फडक्याला बोटं पुसली गेली आणि नीलाबाई अध्यक्ष झाल्या. वामनरावांनी हार घातला आणि म्हणाले, "बाई, दरवाज्यावर मीच बसन."

"बसा," नीलाबाई म्हणाल्या. "पन खोलीचा ठराव आधी घेऊ. तुमी म्हातारे झाले तं?"

ठराव झाला. हळूहळू गावं शहाणी झाली. कोणी शाळेची खोली उघडून देतं, कोणी ग्रामपंचायतीची. जिथे काहीच नसतं तिथे अजून मला नेतात. मी आता विरलो आहे. माझ्या मोरांची पिसं झडली आहेत. एखादा नवा पोरगा म्हणतो, हे चिंधूक फेकून का देत नाही? तेव्हा बुधरी त्याच्याकडे अशी पाहते की तो गप्प बसतो.

मित्रांनो, तुम्ही नाटक पाहायला जाल. राजा पाहाल, राणी पाहाल, टाळ्या वाजवाल. जरूर वाजवा. पण एकदा मनात आणा, की तुम्हाला रडवणारी ती बाई कुठे उभी राहून तयार झाली असेल. आणि तुमच्या गावात नाटक आलं, तर मंच बांधायच्या आधी तिची खोली बांधा. नवे पडदे रंगवून घ्याल तेव्हा पेंटरला एवढं सांगा, की दार काढलं तर त्याला कडीही काढ.

माझा राजवाडा आता जवळजवळ पुसला गेला आहे. खांब दिसत नाहीत, कळस दिसत नाही. बुधरीची कडी मात्र अजून काळीभोर आहे. ती बाहेरून कोणाला दिसत नाही, आणि दिसायचं कारणही नाही. ती आतून आहे.